जड तेच अस्सल नव्हे

मुंबईत थंडी पडते ती चार दिवसांची. तरी धारावीच्या चामडे बाजारात येणारे गिऱ्हाईक जॅकेट हातात तोलून पाहते आणि जड तेच अस्सल मानते. आमच्या मते हा समज चुकीचा आहे.

उष्ण हवेसाठी मेंढीचे किंवा शेळीचे कातडे घ्यावे. मेंढीचे मऊ व हलके, शेळीचे अधिक टिकाऊ. जाडी ०.६ ते ०.८ मिलिमीटर पुरे. अस्तर सुती असावे. पॉलिएस्टरमध्ये घाम कोंडतो. रंगाचा जाड थर दिलेले चामडे आणि रेक्झिन टाळावे, त्यातून हवा खेळत नाही.

मार्च २०१५ मध्ये राज्यात बैल व वळूंच्या कत्तलीवर बंदी आली आणि धारावीच्या चर्मोद्योगाला फटका बसला. शेळी-मेंढीच्या कातड्याला ही बंदी लागू नाही. म्हणजे हलके जॅकेट गिऱ्हाइकाच्या सोयीचे, तसेच कारागिराच्या पोटाचेही आहे. मात्र दुकानदार बंधूंनी कातडे कोणते व अस्तर कशाचे, हे बिलावर लिहून द्यावे. मापात खोट चालत नाही, तशी मालाच्या नावातही चालू नये.