भूल देताना दोन मिनिटे

२०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीपुढे बीड जिल्ह्याची जी पाहणी आली, तिच्यात ८२ हजारांवर ऊसतोड महिलांपैकी १३ हजार ८६१ जणींची ‘पिशवी’ काढलेली निघाली. शस्त्रक्रिया गरजेची होती का, यावर तेव्हा रान उठले, आणि ते योग्यच होते. पण यांतल्या प्रत्येकीला भूलही द्यावी लागली होती, याचा विचार फारसा झाला नाही.

भूल म्हणजे एक सुई, अशी आपली समजूत. प्रत्यक्षात शिरेतून दोन-तीन औषधे पाठोपाठ जातात आणि प्रत्येकाची चाल निराळी. प्रोपोफॉल मिनिटाच्या आत झोपवते. मिडाझोलॅमचा अंमल सावकाश चढतो, पुरता भरायला काही मिनिटे जातात. वेदनाशामक फेंटानिलचेही तसेच. अर्ध्या मिनिटाने रोगी टकमक बघतोच आहे म्हणून आणखी मात्रा टोचली, तर थोड्या वेळाने दोन्ही मिळून अंगावर येतात. शिवाय ही औषधे एकमेकांचे बळ वाढवतात. इथे एक अन् एक दोन होत नाहीत, तीन होतात, आणि श्वास मंदावतो. अमेरिकेत १९८५ च्या अखेरीस मिडाझोलॅमला परवानगी मिळाली. पुढच्या दोन-तीन वर्षांत श्वास थांबून रोगी दगावले. बऱ्याच जणांना सोबत अफूच्या जातीचे वेदनाशामकही दिलेले होते. तेव्हा कुठे ‘थोडे द्या, निदान दोन मिनिटे थांबा, मगच पुढचे’ ही सूचना ठळक झाली. कमरेखाली बधिर करून शस्त्रक्रिया केली, तरी बाई घाबरू नये म्हणून गुंगीचे औषध देतातच. तेव्हा ही सूचना तिथेही लागू.

अंगात रक्त कमी, पाणी कमी, अशा बाईला नेहमीची मात्राही जड जाते. रोज दारू पिणाऱ्याला उलट जास्त लागते, आणि नेमके हेच घरचे लपवतात. ‘साहेबांपुढे कसं सांगायचं?’ रात्री घेतलेली झोपेची गोळीही अशीच खिशात राहते.

अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, ही जिल्ह्याची जमेची बाजू. छोट्या गावात मात्र भूलतज्ज्ञ बहुधा फिरता. या दवाखान्यातून त्या दवाखान्यात. त्यात दिवाळी तोंडावर आलेली, मुकादमाची उचल घेतलेली. घाई सगळ्यांनाच. सहीचा कागद पुढे आला की नातेवाइकांनी तेवढे विचारावे : भूल कोण देणार, प्राणवायू आणि श्वास देण्याची साधने आहेत का, आणि बाई शुद्धीवर येईपर्यंत डॉक्टर थांबणार ना?