पळसाची हजेरी

उत्तर अमेरिकेतील शाळांत तीसएक वर्षांपासून एक मोठा गमतीचा उद्योग चालला आहे. तिकडची मुले पानगळीच्या दिवसांत शाळेच्या बागेत ट्यूलिपचे कांदे पुरतात. गावोगाव जात एकच, ‘रेड एम्परर’ नावाची तांबडी. वर बर्फ साचते. मग एके दिवशी मातीतून हिरवे टोक डोके काढते आणि मुले तारीख लिहितात. फूल उमलले की पुन्हा लिहितात. सगळ्या शाळांच्या तारखा नकाशावर मांडल्या म्हणजे वसंत दक्षिणेकडून उत्तरेकडे कसा चालत गेला, ते दिसते.

हे ऐकून आपल्याकडील एखाद्या उत्साही गृहस्थाला वाटावयाचे, की बीड जिल्ह्यात, आमच्या दिंद्रुडलाही ट्यूलिप लावावेत. कृपा करून लावू नयेत! त्या कांद्याला फुलण्यापूर्वी बारा-चौदा आठवडे कडक थंडी लागते. आमची थंडी पौषात चार दिवस शेकोट्या पेटवावयास लावते आणि निघून जाते. शिवाय बांधावर पळस उभा असताना परदेशचा कांदा विकत आणावयाचा कशाला?

“पळस काय, खेड्यातल्या पोरांना ठाऊकच असतो,” असे शहाणे लोक म्हणतात. ठाऊक असतो, हे खरे. पण गेल्या साली तो कोणत्या तारखेला फुलला, हे विचारून पाहा. पारावरचे म्हातारे म्हणतील, “औंदा लवकर फुलला.” किती लवकर? कोणाच्या मानाने? जपानात क्योतो येथील चेरीच्या बहराच्या नोंदी नवव्या शतकापासून सापडतात. 2021 साली तो बहर 26 मार्चलाच भरास आला, आणि बाराशे वर्षांत इतका लवकर आला नव्हता, हे सांगता आले. कारण कोणी तरी लिहून ठेवले होते. आपल्याकडे पाऊस हुकला, आंब्याचा मोहोर गळला, की कपाळावर हात मारावयाचा आणि पुढच्या साली सारे विसरावयाचे!

पंचांग आहे की, असे दुसरे म्हणतील. पंचांगाबद्दल मला आदर आहे. पण ते चंद्राचा हिशेब ठेवते, झाडाचा नव्हे. 2023 साली गुढीपाडवा 22 मार्चला आला, पुढच्या साली 9 एप्रिलला. मधे अधिक श्रावण पडला होता. या अठरा दिवसांची खबर लिंबाच्या फुलोऱ्याला कोणी दिली होती? पुस्तकातला वसंत चैत्र-वैशाखाचा. आमचा पळस फाल्गुनातच पेटून जातो. मुलाने तिथी आणि तारीख दोन्ही लिहाव्यात आणि पुस्तक कोठे चुकते ते स्वतः पाहावे. दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ 1956 साली निघाले. महिन्यामहिन्याला झाडाकडे कसे पाहावे, हे त्यांनी मराठीत केव्हाच दाखवून ठेवले. आपण पुस्तकाचे कौतुक केले आणि खिडकी उघडली नाही.

येथवर सोपे होते. खरी अडचण निराळीच आहे. वही कोणी लिहावयाची?

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तो आमच्याकडे ट्रक लागतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. कोयता, म्हणजे नवराबायकोची जोडी, पश्चिमेकडच्या किंवा कर्नाटकातल्या उसाच्या फडाकडे निघतो. त्यांच्या मागे पोरे. ती परततात पाडव्याच्या आगेमागे. म्हणजे पळसाला कळ्या येण्यापासून लिंबाला पालवी फुटेपर्यंतचा सगळा काळ ही मुले पाचटाच्या कोपीत काढतात. ज्या ऋतूची हजेरी घ्यावयाची, नेमक्या त्याच ऋतूत वर्गाची हजेरी मोडते! सरकारने हंगामी वसतिगृहे काढली, मूल आजीपाशी गावात राहावे आणि जेवावे म्हणून. योजना चांगली आहे. पण ट्रक निघाल्यावर महिन्याने अन्न शिजू लागले तर त्याचा उपयोग काय? मूल तोवर फडावर पोचून धाकट्या भावंडाला सांभाळू लागलेले असते. वसतिगृह ट्रकच्या आदल्या दिवशी सुरू झाले पाहिजे. माझी पहिली मागणी ही, पळसाची दुसरी.

आणि तरीही जे मूल जाईल, त्याच्या दप्तरात वही द्यावी. “उपाशी पोराला फुले कसली मोजावयास लावता?” असे कोणी रागाने विचारील. राग रास्त आहे. पण ज्याचा वर्ग सुटला, त्याच्यापाशी शाळेचे एवढे तरी काम राहावे. अमेरिकेतली शाळा दूरच्या शाळेकडून तारीख मागवते. आमचे मूल ती तारीख स्वतः चालत जाऊन आणील. कोठेही गेले तरी पळसाला पाने तीनच, हे खरे. पण फुलण्याचा दिवस तोच असतो की नाही, हे त्या वहीवाचून कळणार नाही.

गुरुजींपाशी आधीच रजिस्टरांचा ढीग आहे, म्हणून काम थोडकेच असावे. शाळेजवळचा एक पळस, एक लिंब, एक आंबा ठरवावा. दर साली झाडे तीच. बाजाराच्या दिवशी दोन मुलांनी जाऊन कळी, फूल, पालवी, फळ यांपैकी जे असेल ते तारखेनिशी लिहावे. काही नसेल तर “काही नाही” असे लिहावे. वहीच्या शेवटच्या पानावर फडावर गेलेल्या मुलांची नावे असावीत, आणि ज्या दिवशी जे परतेल त्या दिवसाची तारीख त्याच्यापुढे मांडावी.