'किरकोळ' ठरवणारे आपण कोण?

"अरे काही नाही, किरकोळ लागलंय. थोडं डेटॉल लावलं." ऑफिसच्या कँटीनमध्ये हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता चहा घशाखाली उतरत नाही. लागलेलं असतं कुत्र्याला आणि किरकोळ ठरवलेलं असतं मालकाने! ज्याला लागलंय तो बोलू शकत नाही. वर कुत्र्याची जातच दुखणं लपवणारी. शेपूट हलवत जेवला की आपण खूश, आणि केस बंद.

आपल्या क्षेत्रात एक बदनाम वाक्य आहे, 'माझ्या मशीनवर तर चालतंय!' प्रोग्रॅमरने असं म्हटलं की सगळी टीम हसते. पण तोच प्रोग्रॅमर घरी जाऊन तेच करतो. मला कॉम्बिफ्लाम चालते, मग ह्यालाही चालेल. नाही चालत, राजा! त्या गोळीत आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दोन्ही असतं. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉल अंदाजाने दिलं तर लिव्हरवर बेततं. (घरात मांजर असेल तर तिला एक गोळीसुद्धा जीवघेणी ठरू शकते.) आणि 'अंग गरम लागतंय' म्हणून क्रोसिन देणाऱ्यांनी एवढं तरी माहीत करून घ्यावं की कुत्र्याचं नॉर्मल तापमानच साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. त्याला ताप नसतो, तो कुत्रा असतो.

एकाचं औषध दुसऱ्याचं विष कसं होतं याचं उदाहरण आपल्याच देशात घडलंय. गुरांना दिलेलं डायक्लोफिनॅक मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं, त्यांची मूत्रपिंडं गेली आणि गिधाडं संपत आली. २००६ साली जनावरांसाठी हे औषध बंद करावं लागलं. आपण मात्र तेच जेल मुरगळलेल्या पायाला चोळतो आणि कुत्रा ते चाटून पोटात घेतो.

आता बाहेरून लावायची औषधं. पाणी न घालता ओतलेलं डेटॉल जखम भाजून काढतं. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस बघायला छान वाटतो, पण भरून येणारी नवी कातडीही त्यात मरते. स्टेरॉइड मिसळलेलं मलम घरोघरी असतं, त्याने जखम भरायला उशीर होतो. हळदीची पूड जखमेत जाऊन बसते आणि खाली काय चाललंय ते दिसेनासं होतं. आणि 'कुत्र्याच्या जिभेतच औषध असतं' म्हणणारे काका प्रत्येक सोसायटीत एक असतातच. त्या तोंडात ढीगभर जंतूही असतात, आणि सतत चाटून लहान जखम मोठी होते.

पण माझा खरा राग अज्ञानावर नाहीच. अज्ञान पाच मिनिटांत जातं. राग आहे तो आपल्या लाडांवर. वाढदिवसाला केक, थंडीत स्वेटर, रीलसाठी गॉगल. पण डॉक्टरांनी गळ्यात घालायला दिलेला प्लॅस्टिकचा भोंगा अर्ध्या तासात काढला जातो. का? तर "बिचारा किती उदास दिसतो!" अहो, उदास तुम्ही आहात. तो चार दिवसांत सरावतो, तुम्हाला मात्र तेवढंही बघवत नाही. मग टाके चाटून उघडतात आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं. याला मी प्रेम म्हणत नाही, स्वतःची सोय म्हणतो.

किरकोळ जखमेला औषध कमी लागतं, मालक जास्त लागतो. करायचं काय, तर अगदी कंटाळवाणं काम. रक्त येत असेल तर स्वच्छ कापड पाच मिनिटं दाबून धरा, मध्येच उचलून बघू नका. उकळून गार केलेल्या अर्धा लिटर पाण्यात एक सपाट चमचा मीठ घालून जखम धुवा. भोंवतालचे केस कापा. चाटू देऊ नका. फिरायला नेताना पट्टा हवाच, उड्या बंद. पायाला बँडेज असेल तर बोटं सुजली नाहीत ना, वास येत नाही ना, ते रोज बघा. सकाळ-संध्याकाळ जखमेचा एकेक फोटो काढा, म्हणजे लाली वाढतेय की कमी होतेय ते कळेल. पावसाळ्यात तर डोळ्यांत तेल घालून बघा, कारण माशीने अंडी घातली की एका दिवसात अळ्या होतात.

आणि काही गोष्टी किरकोळ नसतातच. रक्त न थांबणं, आत अडकलेली काच, डोळ्याजवळची जखम, पाय अजिबात न टेकणं. सगळ्यात फसवा दुसऱ्या कुत्र्याचा चावा. बाहेर दाताचं टाचणीएवढं भोक, आत पार फाटलेलं, आणि दोन-तीन दिवसांनी पू. शिवाय रेबीजचा प्रश्न. लक्षणं दिसू लागली की उपाय उरत नाही. म्हणून लस दिलेली असली तरी त्याच दिवशी डॉक्टर. जखम हाताळताना ग्लोव्हज घाला. लाळ तुमच्या ओरखड्याला लागली तर तो साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि स्वतःच्या डॉक्टरांनाही गाठा.

आता नेहमीचा आक्षेप. "गावाकडची कुत्री बघा, कोण नेतं त्यांना डॉक्टरकडे? मस्त जगतात!" जी जगली तीच तुम्हाला दिसतात हो. जी कुठल्यातरी गोठ्यामागे सडून मेली ती तुमच्या डेटात नाहीत. दुसरा आक्षेप पैशाचा. तो मला मान्य आहे, फी परवडत नाही असे लोक असतात. पण हजारोंचं हार्नेस घेणाऱ्याने हा मुद्दा काढू नये, आणि चिघळलेली जखम कधीच स्वस्तात निभत नाही.

प्रत्येक ओरखड्याला दवाखाना गाठा असं मी म्हणत नाहीये. पण 'किरकोळ' हा निकाल पहिल्या संध्याकाळी द्यायचा नसतो. आठ-दहा दिवस रोज दोनदा वाकून बघितल्यावर तो द्यायचा. तेवढा वेळ नसेल तर खुशाल सांगा की वेळ नाही. कुत्र्याला काही झालं नाही असं मात्र सांगू नका.