लेकीचा शनिवार, आईचा रविवार

आमच्या मानखुर्दला रविवारची दुपार बहुधा मेगाब्लॉकची. गाड्यांचे हाल, त्यामुळे पाहुणा फिरकत नाही आणि आपणही घर सोडत नाही. अशाच एका रविवारी मी कणीक मळत होते. खालच्या मजल्यावरची शेजारीण फोन नाचवत आत आली.

"ताई, बघा आमच्या बाईसाहेबांचे प्रताप!"

फोटोत चार मुली होत्या. मागे काळंभोर, दोन उंच मनोऱ्यांचं चर्च. एकीच्या तोंडात पावाचा घास, बाकीच्या खदखदा हसताहेत. त्यातली गुलाबी टोपीवाली ही आमच्या शेजारणीची लेक. वर्षापूर्वी जर्मनीतल्या आखेन गावी पुढचं इंजिनियरिंग शिकायला गेली.

"गेल्या शनिवारी हॉलंड, त्याआधी बेल्जियम, आज कोलोन. इथं ह्यांनी पी.एफ. काढला. माझ्या चार बांगड्या बँकेत पडल्यात. भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालते मी, आणि ही देश पालथे घालतेय! सरळ सुनावलं तिला. म्हटलं, आम्ही इथं पोटाला चिमटा घेतोय, तू मार मजा."

"मग काय म्हणाली?"

"काय म्हणणार? 'बरं' म्हणाली आणि ठेवला फोन."

त्या दिवसापासून फोटो यायचे बंद झाले. शेजारीण खूष होती. "लागली हो अभ्यासाला," असं जिन्यात भेटेल त्याला सांगत होती. तीन आठवड्यांनी पुन्हा माझ्या दारात आली ती मात्र रडत. त्या चौघींतल्या नागपूरच्या मुलीच्या आईचा सहज फोन आला होता. मुली ब्रुसेल्सला जाऊन एक रात्र राहूनही आल्या होत्या! हिला त्याचा पत्ता नव्हता.

"ताई, माझी मुलगी माझ्याशी खोटं कधी बोलली नाही हो."

मी म्हटलं, "अगं, खोटं कुठं बोलली? नुसती गप्प राहिली. तुझ्या बोलण्यानं तिचं फिरणं थांबलं नाही, सांगणं तेवढं थांबलं."

आज घरोघरी कुणाचा ना कुणाचा मुलगा, भाची, पुतणी परदेशी शिकते आहे. शनिवार-रविवारचे असे फोटो पुष्कळ आयांच्या पोटात गोळा आणतात, म्हणून हे मुद्दाम लिहिते आहे.

त्याच संध्याकाळी आम्ही दोघींनी मिळून लेकीला फोन लावला. मी आधीच बजावलं होतं, रागवायचं नाही, नुसतं विचारायचं. "बाळ, तुझा महिना कसा जातो ते सांग. मला शिकायचंय," एवढं शेजारीण म्हणाली मात्र, पोरगी तासभर बोलत होती.

जर्मनीत शिकायला जाणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला एका बंद खात्यात आधीच वर्षाचा खर्च दाखवावा लागतो. 2024च्या सप्टेंबरपासून ही रक्कम 11,904 युरो आहे. युरोला साधारण शंभर रुपये धरले तर जवळजवळ बारा लाख! पण ते एकदम हाती येत नाहीत. महिन्याला 992 युरो सुटतात. त्यातून खोलीचं भाडं, विमा, किराणा. वर हातखर्चाला लेक एका उपाहारगृहात भांडी विसळते. तेही हवं तितकं करता येत नाही. 2024पासून वर्षाला 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस अशी मर्यादा आहे. सोमवार ते शुक्रवार वर्ग, प्रयोगशाळा, संध्याकाळी भांडी. त्याचे फोटो ती कशाला पाठवील? आईला दिसत होता तो फक्त शनिवार.

आणि प्रवासखर्च? त्यांच्या विद्यापीठात सत्राच्या शुल्कातच प्रवासाचा पास मिळतो. देशभरातल्या बस, ट्राम आणि साध्या गाड्यांना तो चालतो. जलद गाड्यांना चालत नाही. म्हणजे आपली लोकलचा पास काढलेली बाई सुट्टीच्या दिवशी दादरला जाऊन आली, तर तिकिटाला वेगळा पैसा पडत नाही, तसंच. कोलोन तिथून तासाभरावर. दशम्या आणि बटाट्याची भाजी डब्यात. खर्च झाला तो चर्चच्या मनोऱ्यावर चढण्याच्या तिकिटाचा आणि एकेका कॉफीचा.

"आणि हॉलंड-बेल्जियम?" शेजारणीने विचारलंच.

लेक हसायला लागली. आखेन गाव अगदी सरहद्दीवर आहे. गावाबाहेरच्या टेकडीवर जर्मनी, हॉलंड आणि बेल्जियम अशा तीन देशांच्या सीमा एका ठिकाणी मिळतात. बसने जाऊन चार पावलं फिरलं की तिन्ही देश झाले! "आई, आपण खाडी ओलांडून वाशीला जातो ना, तेवढंच." माझ्या शेजारणीचा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा झाला होता.

मग मुलीने त्या कोलोनच्या चर्चची गोष्ट सांगितली. 1248 साली बांधायला घेतलं, मध्ये काही शतकं काम बंदच पडलं आणि पुरं झालं 1880 साली. मनोऱ्याच्या 533 पायऱ्या ती चढली. म्हणाली, "वर पोचल्यावर वाटलं, माझा एक विषय राहिला म्हणून मी एवढी का रडत होते?" विषय राहिल्याचं आईला तेव्हाच प्रथम कळलं.

फिरणं म्हणजे नुसता उनाडपणा असं आपण धरून चालतो. पंडिता रमाबाई 1886 साली आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभाला म्हणून अमेरिकेला गेल्या आणि 1888पर्यंत तो देश फिरत राहिल्या. तिथली माणसं, शाळा, घरं डोळसपणे पाहिली आणि 1889 साली त्यावर मराठीत पुस्तक लिहिलं. प्रत्येक मुलगी रमाबाई होणार नाही. पण डोळे उघडे ठेवून फिरलेली मुलगी रिकाम्या हाताने येत नाही, एवढं नक्की.

याचा अर्थ आईनं काहीच विचारू नये असा नाही. विचारावं, पण नेमकं विचारावं. आम्ही तिघींनी मिळून ठरवलेले नियम देते.

1. कागद : देश ओलांडायचा तर पासपोर्ट आणि राहण्याच्या परवान्याचं कार्ड जवळ हवंच. जर्मनीच्या परवान्यावर शेंगेन करारातल्या इतर देशांत 180 दिवसांत 90 दिवसांपर्यंत फिरता येतं. पण सीमेवर तपासणी होऊ शकते. तुमचं मूल इंग्लंडात किंवा आयर्लंडमध्ये शिकत असेल, तर युरोपच्या सहलीसाठी वेगळा शेंगेन व्हिसा काढावा लागतो. तिकीट आधी आणि व्हिसा मागाहून असं करू देऊ नका.

2. निरोप : निघताना एक, मुक्कामी पोचल्यावर एक, परतल्यावर एक. बरोबर कोण आणि उतरणार कुठे, तो पत्ता. दर तासाला फोन करू नये. आपल्याकडे रात्रीचे अकरा वाजतात तेव्हा तिथं उन्हाळ्यात साडेसात आणि हिवाळ्यात साडेसहाच झालेले असतात. "एवढ्या रात्री कुठे आहेस?" असं विचारण्याआधी घड्याळाचा हिशेब करावा.

3. मुक्काम : यूथ हॉस्टेल ही कल्पनाच जर्मनीतली. रिचर्ड शिरमान नावाच्या शिक्षकाला 1909 साली मुलांच्या पायी सहलीत वादळाने गाठलं, तेव्हा ती सुचली. 1912पासून आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं कायमचं हॉस्टेल सुरू झालं. अशा ठिकाणी एका खोलीत चार-सहा खाटा असतात. फक्त मुलींची खोली मिळते का, हे जागा ठरवतानाच विचारावं.

4. दुखणंखुपणं : जर्मनीच्या सरकारी आरोग्यविम्याच्या कार्डाची मागची बाजू युरोपातल्या इतर देशांत तातडीच्या उपचाराला चालते. कार्ड खोलीवर विसरू नये. आणि 112 हा मदतीचा नंबर युरोपीय संघाच्या सगळ्या देशांत एकच आहे. तो आईलाही पाठ असावा.

5. पैसा : फिरण्याचा डबा वेगळा. महिन्याला ठरलेली रक्कम त्यात टाकायची, संपली की पुढचा महिना. मैत्रिणीकडून उसने घेऊन सहल नाही.

6. अभ्यास : परीक्षेच्या आधी महिनाभर सहल बंद. हा नियम लेकीनेच घातला, आम्ही नाही.

फोन ठेवताना पोरीनं विचारलं, "आई, तू कुठे गेली होतीस ह्या वर्षात?"

शेजारीण गप्प. कुर्ला, वाशी आणि नणंदेकडे डोंबिवली. लग्न होऊन सव्वीस वर्षं मानखुर्दला काढली. ट्रॉम्बेपलीकडच्या समुद्रात घारापुरी आहे हे ठाऊक होतं, पण लेणी पाहिलेली नव्हती. खरं सांगू? मीही नव्हती पाहिली.

पुढच्या रविवारी ब्लॉक लागायच्या आत, सकाळी सातच्या गाडीने आमच्या इमारतीतल्या पाचजणी निघालो. सोमवारी लेणी बंद असतात, म्हणून रविवारच बरा. पाऊण तासात सीएसएमटी, तिथून चालत गेट वे, पुढे तासभर लाँच. डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लिंबाचं लोणचं. पायऱ्या चढताना शेजारीण दोनदा बसली, पण त्रिमूर्तीपुढे गेल्यावर किती वेळ तिथून हलेना. ह्यांनी घरी वरणभाताचा कुकर लावला होता म्हणे. तीन शिट्ट्यांऐवजी सात झाल्या, एवढंच.

लाँचवर काढलेला आमचा फोटो तिनं लेकीला पाठवला. वारा एवढा की पदर सावरता सावरेना. सगळ्या तोंड उघडून हसतोय. दोन मिनिटांत उत्तर आलं, "आई, खर्च किती झाला? हिशेब दे!"

आता दर शनिवारी रात्री फोटो येतो. त्याखाली लेक काय खाल्लं, किती पैसे गेले ते लिहिते. परवा एका फोटोखाली तिनं लिहिलं होतं, "आज कंटाळा आला, घरची आठवण आली." शेजारणीने तो मला दाखवला नाही. नुसतं सांगितलं आणि लगेच फोन करायला खाली गेली.