निरंक अहवालावरची माझी सही

जानेवारीतली गोष्ट. आमच्या तालुक्याच्या गावातल्या एका महाविद्यालयाचा शिपाई सकाळीच दारात आला. हातात फाईल. ‘मॅडम, फक्त सही पाहिजे, सरांनी पाठवलंय,’ म्हणाला. गॅसवर भाजी होती. उभ्या उभ्याच कागद पाहिला. अंतर्गत तक्रार समितीचा वार्षिक अहवाल. प्राप्त तक्रारी : निरंक. निकाली काढलेल्या : निरंक. प्रलंबित : निरंक. स्त्री संघटनेची प्रतिनिधी म्हणून मी त्या समितीवरची बाहेरची सदस्य. भाजी करपेल म्हणून घाईने सही केली, शिपायाला पाणी दिलं आणि विसरूनही गेले.

एप्रिलमध्ये त्याच महाविद्यालयातली एक मुलगी आमच्या शनिवारच्या सल्ला केंद्रात आली. तिची ओळख पटेल असं काही मी इथे लिहिणार नाही, बारीकसारीक तपशीलही बदलले आहेत. विज्ञान शाखेची, शेवटच्या वर्षाची. प्रयोगशाळेतले सर सगळ्या मुली गेल्यावर तिला थांबवून घेत, रात्री फोनवर नको ते संदेश पाठवत. तिने उत्तर देणं बंद केलं तेव्हा तिच्या जर्नलवर सही होईना. आपल्यापैकी ज्या कॉलेजात शिकल्या त्यांना सांगायला नको की जर्नल पुरं नसेल तर प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येत नाही. बाकी धमकी द्यायची गरजच नसते.

तिने एका बाईंना सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, ‘दोन महिने राहिलेत, काढ कसेतरी. घरी कळलं तर तुझंच शिक्षण बंद होईल.’ बाईंचा मला राग आला, पण त्या म्हणाल्या ते खोटं नव्हतं. आपल्याकडे छळणारा जागेवर राहतो आणि मुलीचं कॉलेज सुटतं.

मी विचारलं, ‘अगं, समितीकडे का नाही आलीस?’ ती म्हणाली, ‘कुठली समिती, ताई?’

दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं. फलक होता. कायद्याने लावलाच पाहिजे, म्हणून कार्यालयाकडे जाणाऱ्या बोळात, प्राचार्यांच्या दाराशेजारी लावलेला. म्हणजे तो वाचत उभ्या राहिलेल्या मुलीला सगळ्यांनी पाहावं अशी सोय. त्यावर माझं नाव होतं आणि खाली आमच्या संघटनेचा जुना टेलिफोन नंबर, जो आम्ही काही वर्षांपूर्वीच बंद केला. नावांपेक्षा ठळक अक्षरात एक ओळ होती : खोटी तक्रार केल्यास कारवाई होईल. याच कायद्याच्या कलम १४ मध्ये हेही लिहिलं आहे की तक्रार सिद्ध करता आली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. ती ओळ कुठल्याच फलकावर मी अजून वाचलेली नाही.

मैत्रिणींनो, हा कायदा आपल्याला कुणी बसल्या जागी दिलेला नाही. १९९२ साली राजस्थानातल्या भटेरी गावात बालविवाह थांबवायला गेलेल्या साथिन भंवरीदेवीवर सामूहिक बलात्कार झाला. ती सरकारच्याच महिला विकास कार्यक्रमाचं काम करत होती. १९९५ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींची बलात्काराच्या आरोपातून सुटका केली. ‘विशाखा’ आणि इतर संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १३ ऑगस्ट १९९७ ला न्यायालयाने मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. त्यांचा कायदा व्हायला २०१३ साल उजाडावं लागलं. त्या कायद्यात ‘कामाचं ठिकाण’ म्हणजे शिक्षणसंस्थासुद्धा आणि पीडित स्त्री नोकरीत असो वा नसो, म्हणजे विद्यार्थिनीही त्यात आली. पुढे २०१६ च्या मे महिन्यात विद्यापीठ अनुदान आयोगाचे स्वतंत्र विनियम आले. त्यांत फक्त मुलीच नाहीत, मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थीही तक्रार करू शकतात.

हे विनियम एकदा नीट वाचाच. मला वाटतं आपल्यातल्या फार थोड्याजणींनी वाचले असतील. मी स्वतः समितीवर दोन वर्षं काढल्यावर वाचले, हे कबूल करते. समितीची अध्यक्ष वरिष्ठ प्राध्यापिका हवी. दोन शिक्षक, दोन शिक्षकेतर कर्मचारी, एक बाहेरची सदस्य, आणि प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर तीन विद्यार्थी, तेही लोकशाही पद्धतीने निवडलेले. निम्म्या तरी स्त्रिया. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा मोठ्या पदांवरची माणसं समितीवर चालत नाहीत. आणि आमच्याकडे? प्राचार्य ‘निमंत्रित’ म्हणून मधल्या खुर्चीवर. विद्यार्थी प्रतिनिधी कोण, तर स्नेहसंमेलनात निवेदन करणारी हुशार मुलगी, सरांनीच बोलावून घेतलेली. तिच्यासमोर कोण तोंड उघडणार!

आणखी एक गोष्ट त्यांत आहे, जी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. सुरक्षिततेचं कारण सांगून वसतिगृहातल्या मुलींवर मुलांपेक्षा वेगळी बंधनं घालू नयेत, असं विनियम स्पष्ट म्हणतात. आता कुठल्याही वसतिगृहाच्या अधीक्षिकेला विचारा, मुलींसाठी काय केलंत? ती सांगेल, दार सातला बंद करतो, भिंतीवर काचा लावल्यात, कॅमेरे बसवलेत. भर दुपारी कॉलेजच्याच प्रयोगशाळेत जे घडतं त्याला सातचं कुलूप काय करणार? दिवे लावा, येण्याजाण्याची सोय करा, समुपदेशन द्या, हेही तिथेच लिहिलं आहे. पण त्याला पैसे लागतात. कुलूप स्वस्त पडतं.

त्या मुलीकडे वळते. तक्रार शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते. समितीने लेखी कारणं नोंदवली तर आणखी तीन महिने मिळतात. आम्ही दोघी बोटांवर दिवस मोजत बसलो. एकोणीस उरले होते. माझ्या मते ही मुदत विद्यार्थिनींच्या बाबतीत अन्यायाची आहे. वर्षभराचे गुण ज्याच्या हातात, त्याच्याविरुद्ध निकाल लागायच्या आत कोण लिहून देईल? पदवी हातात येईपर्यंत तरी मुदत हवी, ही मागणी आपण लावून धरायला हवी.

तिने लिहून दिलं. तेव्हा एक पेच उभा राहिला. मी तिचं सगळं आधीच ऐकलेलं, तिच्या बाजूने मन झालेलं. मग चौकशीला मी बसावं का? आमच्या बैठकीत यावर बरंच वाजलं. ‘तू उठलीस तर तिथे तिचं कोण?’ असं एकीने विचारलं. मला गोव्याचं प्रकरण आठवत होतं. २००९ साली गोवा विद्यापीठातल्या विद्यार्थिनींनी एका शिक्षकाविरुद्ध तक्रारी केल्या. समितीने घाईघाईने चौकशी उरकली, आरोपीला बाजू मांडायची पुरेशी संधी दिली नाही, म्हणून १२ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने सगळं रद्द करून प्रकरण परत समितीकडे धाडलं. चौदा वर्षांनी! त्या मुली तोवर कुठल्या कुठे गेल्या असतील. समोरच्याला नीट ऐकून घेणं ही त्याच्यावरची मेहेरबानी नाही, मुलीच्याच निकालाचा पाया आहे तो. मी चौकशीतून बाजूला झाले आणि दुसऱ्या संघटनेतल्या मैत्रिणीचं नाव सुचवलं. बरोबर केलं की नाही, यावर आमच्यात अजून एकमत नाही.

प्राचार्यांना भेटायला मात्र मी गेले. ते सज्जन आहेत, हे उपहासाने म्हणत नाही. म्हणाले, ‘ताई, पोरीच्या भवितव्याचा विचार करा. दोघांना समोरासमोर बसवू, सामोपचाराने मिटवू.’ सर, समेट फक्त तक्रार करणारीने मागितला तरच करता येतो, आणि तोही पैसे घेऊन नाही, हे मी त्यांना कलम १० काढून दाखवलं. शिवाय चौकशी संपेपर्यंत त्या शिक्षकाला तिचे गुण देण्यापासून दूर ठेवता येतं, हेही दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं. त्यांनाही ते नवीन होतं. पण शेवटी म्हणालेच, ‘संस्थेचं नाव जाईल हो.’

नाव! २०२५ च्या जुलैत ओडिशातल्या बालासोरच्या एका महाविद्यालयात बी.एड. करणाऱ्या मुलीने विभागप्रमुखाविरुद्ध तक्रार केली होती. समितीही होती. १२ जुलैला तिने कॉलेजच्या आवारातच स्वतःला पेटवून घेतलं आणि १४ तारखेला ती गेली. विभागप्रमुख आणि प्राचार्य दोघांना अटक झाली. वर्तमानपत्रात ती बातमी वाचताना माझ्या मनात पहिला विचार आला तो त्या समितीवरच्या माझ्यासारख्या बाईचा. तिनेही कधी गॅस बारीक करून सही केली असेल का?

आपण मोर्चे काढले, धरणी धरली तेव्हा आपण दाराबाहेर होतो. आता आपल्याला आत खुर्ची आहे, चहा आहे, नियमाप्रमाणे चौकशीच्या दिवसाचे दोनशे रुपये आणि प्रवासखर्च आहे. आत जाऊ नये असं मी म्हणत नाही, जायलाच हवं. पण आपलं नाव कागदावर असलं की संस्थेला ‘संघटनेची बाई आहे ना’ असं सांगता येतं, ही आपली किंमत झाली आहे. माझ्या ओळखीची एक कार्यकर्ती अकरा महाविद्यालयांच्या समित्यांवर आहे. अकरांपैकी किती ठिकाणच्या मुली तिला ओळखतात असं विचारलं, तर ती हसली. मीही हसले. माझ्या तीन आहेत.

या वर्षीच्या अहवालाचा कागद परवाच आला. तोच शिपाई, तीच फाईल. दुसऱ्या कॉलेजचा अहवाल आहे हा, तिथेही तीनही रकान्यांत निरंक. सही न करता परत पाठवला आहे आणि सोबत चिठ्ठी दिली : सहीआधी एका दुपारी मुलींच्या कॉमन रूममध्ये, एकही शिक्षक हजर नसताना, तासभर बसू द्या, आणि फलकावरचा माझा फोन नंबर बदला. नंबर त्यांनी बदलला. दुपारीचं उत्तर अजून यायचं आहे.