परभाषांची वेगळी पंगत

समीक्षकांचे पुरस्कार म्हणजे चार विद्वानांचा आपापसांतला सोहळा, असे हिणवणे सोपे आहे. परंतु जाहिरातीला पैसा नसलेल्या जपानी वा इराणी चित्रपटाला महोत्सवाबाहेरचा अमेरिकी प्रेक्षक कोण मिळवून देणार, हे हिणवणारे सांगत नाहीत. आमचा आक्षेप निराळा आहे. समीक्षक मान देतात खरा, पण पंगत वेगळी मांडून.

न्यूयॉर्कच्या समीक्षक मंडळाची स्थापना १९३५ची. विदेशी चित्रपटासाठी त्याने १९३६मध्ये स्वतंत्र पुरस्कार दिला. त्या काळी तो उपकारकच होता. आज मात्र त्याआड मुख्य पुरस्काराचा प्रश्न सोयीस्करपणे टाळता येतो.

२०२१च्या चित्रपटांतून न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस आणि नॅशनल सोसायटी या तिन्ही समीक्षक संस्थांनी हामागुची यांच्या 'ड्राइव्ह माय कार'ला थेट सर्वोत्कृष्ट ठरवले. जवळजवळ तीन तासांचा हा जपानी चित्रपट पुढे ऑस्करच्या मुख्य नामांकनांत पोचला. शिवाय न्यूयॉर्कचा विदेशी विभाग नॉर्वेच्या 'द वर्स्ट पर्सन इन द वर्ल्ड'ला मिळाला. एका धीट निर्णयाने दोन चित्रपटांची वाट मोकळी झाली.

२०२४मध्ये पायल कपाडियांच्या 'ऑल वी इमॅजिन अॅज लाइट'ला न्यूयॉर्क व लॉस एंजेलिसने पुन्हा वेगळ्याच पंगतीत बसवले. त्यात मल्याळम, हिंदीबरोबर मराठीही ऐकू येते. आपण टाळ्या वाजवल्या आणि कोणालाही काही खटकले नाही. खटकायला हवे होते. भाषेपलीकडचे पाहणे हा ज्यांचा धर्म, त्यांनी तरी भाषा विचारून पान वाढू नये.