दहा रुपयांची बंदूक

१/ महाबळेश्वरच्या बॉम्बे पॉइंटवरून स्वच्छ हवेत प्रतापगड दिसतो. गडावर जाऊन आलेला प्रत्येक जण १६५९ च्या वाघनखांविषयी आणि तलवारीविषयी भरभरून बोलतो. बंदुकीचा विषय क्वचितच निघतो. आणि निघालाच तर एक ठरलेले वाक्य कानी पडते : ‘पुढे इंग्रजांकडे चांगल्या बंदुका होत्या, म्हणून आपण हरलो.’ आजच्या धाग्यात मला या वाक्याशी वाद घालायचा आहे.

२/ माझे मत आरंभीच सांगतो. बंदुकीच्या बाजाराला वळण लावणारा कारखानदार बहुधा सर्वोत्तम बंदूक घडवणारा नसतो. पुरेशी चांगली बंदूक कमी दरात आणि मोठ्या संख्येने देणारा हाच बाजार ठरवतो. असा कारखाना मराठ्यांकडेही होता. तो हातचा गेला, आणि नंतर कायद्याने बाजारच आवळला गेला. आजच्या भारतीय रायफलीचा इतिहास या दोन घटनांतून सुरू होतो.

३/ आधी थोडी परिभाषा. तोडेदार बंदूक : पेटत्या वातीने बार उडवणारी. चकमकीची बंदूक : गारगोटीच्या ठिणगीने पेटणारी. ठासणीची बंदूक : नळीच्या तोंडातून दारू व गोळी ठासून भरण्याची कोणतीही बंदूक. रायफल : जिच्या नळीत आतून पीळदार खाचा असतात, त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते. खाचा पाडण्याचे काम वेळखाऊ, म्हणून रायफल दीर्घकाळ महाग राहिली.

४/ शिवकाळात तोडेदार बंदूक देशी कारागीर घडवत. तोफा आणि दारूगोळा यांसाठी मात्र इंग्रज, फ्रेंच, पोर्तुगीज या टोपीकरांशी व्यवहार करावा लागे, आणि टोपीकर दोन्ही बाजूंना माल विकत. १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा राजापूर वखारीचे इंग्रज दारूगोळा घेऊन त्याच्या मदतीला गेले. १६६१ मध्ये महाराजांनी राजापूरवर चाल करून त्यांना कैद केले, त्याला ही पार्श्वभूमी आहे.

५/ रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकरांविषयी जो सावधपणा दिसतो, तो याच अनुभवातून आलेला. हे केवळ व्यापारी नाहीत, त्यांच्यामागे त्यांचे राजे आहेत, त्यांना मोक्याची जागा देऊ नये, असा त्याचा आशय आहे. आजच्या भाषेत सांगायचे तर शस्त्रांचा पुरवठादार हाच उद्याचा प्रतिस्पर्धी ठरू शकतो, याची जाण अठराव्या शतकाच्या आरंभीच्या मराठी राजनीतीला होती.

६/ अठराव्या शतकात चकमकीची बंदूक आली. वात सतत पेटती ठेवण्याची गरज संपल्याने शिपाई दाटीने उभे राहू लागले आणि रांगेने गोळीबाराची कवायत सुकर झाली. १७६१ मध्ये पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या पलटणी याच पद्धतीने लढल्या. म्हणजे तंत्र ठाऊक होते. प्रश्न होता तो हजारो नग एकसारखे, वेळेवर आणि परवडणाऱ्या दरात मिळवण्याचा.

७/ आता सातासमुद्रापलीकडे जाऊ. ब्रिटिश सैन्याची ‘ब्राऊन बेस’ ही चकमकीची बंदूक प्रसिद्ध आहे. तिच्या तत्कालीन नमुन्याची नळी ४२ इंचांची होती. ईस्ट इंडिया कंपनी मात्र आपल्या हिंदुस्थानी पलटणींसाठी वेगळा नमुना बनवून घेई : नळी ३९ इंचांची, सुटे भाग साधे, घडाई सोपी आणि खर्च कमी. त्याला ‘इंडिया पॅटर्न’ म्हणत. व्यापारी कंपनीने हिशेब करून काढलेली ही काटकसरीची बंदूक होती.

८/ १७९३ मध्ये फ्रान्सशी युद्ध पेटले आणि ब्रिटिश सरकारला एकाएकी प्रचंड संख्येने बंदुका हव्या झाल्या. सरकारने कंपनीचा साठा घेतला. पुढच्या काही वर्षांत कंपनीचा स्वस्त नमुनाच ब्रिटिश सैन्याचा अधिकृत नमुना झाला. नेपोलियनशी झालेल्या युद्धांच्या काळात बर्मिंगहॅमच्या कारागिरांनी अशा दहा लाखांहून अधिक बंदुका घडवल्या. हिंदुस्थानसाठी केलेली काटकसर वॉटर्लूच्या रणांगणापर्यंत पोहोचली.

९/ शांतता झाल्यावर शिल्लक साठा जगभर विकला गेला. नव्याने स्वतंत्र झालेल्या मेक्सिकोने आपल्या सैन्यासाठी याच बंदुका घेतल्या. कोणत्याही नामांकित कारागिराची नक्षीदार बंदूक इतक्या देशांत गेली नाही. हा नमुना जगभर पसरला तो दर, साधेपणा आणि संख्या यांच्या बळावर.

१०/ मग आपल्याकडे असे कोणी करत नव्हते का? करत होते, आणि त्या कर्त्याच्या घराण्याचे मूळ याच सातारा जिल्ह्यात आहे. शिंदे घराणे कोरेगाव तालुक्यातील कण्हेरखेडचे. महादजी शिंद्यांनी १७८४ मध्ये सॅव्हॉयचा सेनानी बेन्वा द बॉइन याला चाकरीत घेतले. १७९० मध्ये पाटण आणि मेडता या राजपुतान्यातील लढाया द बॉइनच्या कवायती पलटणींनी जिंकल्या.

११/ या पलटणींमागे आग्र्याचा शस्त्रकारखाना होता. त्यावर सँगस्टर नावाचा स्कॉटिश कारागीर देखरेख करी. तेथे तोफा ओतल्या जात आणि युरोपीय नमुन्याच्या तोडीच्या बंदुका दहा रुपये नगाप्रमाणे तयार होत, अशी नोंद आहे. माझ्या मते हा ‘दहा रुपये’ आकडा मराठ्यांच्या लष्करी इतिहासातील सर्वांत दुर्लक्षित आकडा आहे.

१२/ त्या आकड्याचा अर्थ पाहा. परकीय व्यापाऱ्याची मनधरणी करावी लागत नाही. वेढ्याच्या ऐन वेळी पुरवठा तोडला जाण्याची भीती राहत नाही. एकच नमुना असल्याने गोळीचे माप एक राहते आणि दुरुस्ती सोपी होते. शिवाय खजिनदाराला पुढील वर्षी किती पलटणी उभारता येतील याचा अंदाज आधीच बांधता येतो. धोरण आखायला लागणारी निश्चिती अशा हिशेबातूनच मिळते.

१३/ ‘मग १८०३ मध्ये हरलो कसे?’ प्रश्न रास्त आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असई येथे शिंद्यांच्या तोफखान्याने वेलस्लीच्या फौजेची किती दाणादाण उडवली, हे इंग्रजांच्याच लेखनात दिसते. शस्त्र कमअस्सल नव्हते. रँडॉल्फ कूपर या इतिहासकाराने सविस्तर मांडले आहे की हा संघर्ष लष्करी अर्थव्यवस्थेवरील ताब्याचा होता : पैसा, पत आणि पगारी सैनिक कोणाच्या बाजूला राहतात याचा.

१४/ त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आग्रा कंपनीच्या हाती पडले, आणि डिसेंबरच्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने उत्तरेतील मुलूखही गेला. रणांगणावरील पराभव पुढच्या लढाईत भरून काढता येतो. स्वस्तात बंदूक देणारा कारखाना आणि त्याला पोसणारा मुलूख दोन्ही गेल्यावर मात्र पुढची लढाईच उभी राहत नाही. म्हणून १८०३ चे सर्वांत मोठे नुकसान शोधायचे तर मी असईपेक्षा आग्र्याकडे बोट दाखवीन.

१५/ १८१८ नंतर साताऱ्याच्या गादीवर कंपनीने प्रतापसिंह महाराजांना बसवले. त्यांच्याशी झालेल्या करारातून महाबळेश्वरची जागा घेऊन जॉन माल्कमने तेथे माल्कम पेठ वसवली. जावळीचे अरण्य साहेबांच्या शिकारीचे आणि हवापालटाचे ठिकाण झाले. बंदुकीचे गिऱ्हाईक बदलले : पलटणी उभारणाऱ्या राजाच्या जागी शिकारी अधिकारी आला.

१६/ १८५७ चे निमित्त एन्फील्ड रायफलीची काडतुसे होती. उठावानंतर सरकारने हिंदी शिपायांना खाचा नसलेल्या गुळगुळीत नळीच्या बंदुका दिल्या. १८७८ मध्ये लिटनच्या काळात शस्त्र कायदा आला. हिंदी माणसाला परवाना सक्तीचा, युरोपीय माणसाला सूट. आता चांगले शस्त्र कोणाच्या हाती जाणार, हे दरासोबत वर्णही ठरवू लागला.

१७/ विसाव्या शतकाच्या आरंभी सरकारने लष्करी मापाच्या काडतुसांवर बंधने घातली, हेतू हा की सैन्याची काडतुसे बंडखोरांना वापरता येऊ नयेत. ·४५० मापाला मनाई होताच लंडनच्या महागड्या कारखानदारांनी नवी मापे काढली. हॉलंड अँड हॉलंडचे ·५००/·४६५ हे १९०७ चे काडतूस त्यांपैकीच. राजेरजवाड्यांची सोय झाली. मध्यम ऐपतीच्या शिकाऱ्याचे काय?

१८/ त्याच्यासाठी बर्मिंगहॅमची बीएसए कंपनी पुढे आली. सैन्यासाठी ज्या यंत्रांवर ली पद्धतीच्या रायफली घडत, त्याच बांधणीची शिकारी रायफल तिने हिंदुस्थानसाठी ·३१५ मापात काढली, कारण सैन्याचे ·३०३ माप खासगी माणसाला वर्ज्य होते. लष्करी उत्पादनाच्या जोरावर स्वस्त पडलेली ही रायफल. ·३१५ हे माप भारतात रुजले ते त्याच्या गुणांपेक्षा मनाई आणि किंमत यांच्या संगमामुळे.

१९/ स्वातंत्र्यानंतर बंगालमधील इच्छापूरच्या सरकारी कारखान्याने तेच ·३१५ माप आणि तीच ली बांधणी पुढे चालवली. या बांधणीचे मूळ एकोणिसाव्या शतकातले. खासगी कारखान्यांना परवानगी मुख्यतः बारा बोअरच्या आणि ठासणीच्या बंदुकांची. १९८० च्या दशकात सर्वसामान्य परवानाधारकासाठी आयातही बंद झाली. सवलत उरली ती नामांकित नेमबाजांना. रायफलीचा विक्रेता जवळजवळ एकच राहिला.

२०/ तुलनेसाठी अमेरिका पाहू. तेथे विंचेस्टरची ‘मॉडेल ७०’ (१९३६) मानाची रायफल होती. रेमिंग्टनने १९४८ पासून कमी खर्चाच्या घडणीच्या रायफली आणल्या, सॅव्हेजने १९५८ मध्ये ‘११०’ आणली. दबाव इतका वाढला की १९६४ मध्ये विंचेस्टरला आपली घडण स्वस्त करावी लागली. जुने गिऱ्हाईक नाराज झाले. १९६४ पूर्वीच्या ‘मॉडेल ७०’ ला आजही जास्त किंमत येते.

२१/ चक्र तेथे थांबले नाही. गेल्या दशकात सॅव्हेजची ‘ॲक्सिस’ आणि रुगरची ‘अमेरिकन’ या आणखी स्वस्त रायफलींनी अचूक नेम अल्प किमतीत उपलब्ध केला. रेमिंग्टन २०१८ आणि २०२० अशी दोनदा दिवाळखोरीत गेली. कर्जासह त्याची कारणे अनेक होती. पण मथितार्थ स्पष्ट आहे : काल इतरांना खाली खेचणाऱ्या स्वस्त कारखानदाराला आज दुसरा स्वस्त कारखानदार स्वस्थ बसू देत नाही.

२२/ येथेच दोन इतिहासांतला फरक कळतो. स्वस्त उत्पादन आणि स्पर्धा एकत्र असतील तर वस्तू सुधारत जाते. विक्रेता एकच असेल, तर जुन्या शतकातील वस्तूही चालत राहते, कारण गिऱ्हाईकाला जायला दुसरे दार नसते. २०२४ मध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिसमध्ये रायफल नेमबाजीत कांस्यपदक मिळवले. त्या पातळीच्या स्पर्धा-रायफली आजही परदेशातूनच येतात.

२३/ सह्याद्रीतला शेतकरी या साखळीच्या शेवटच्या टोकाला आहे. जावळी-महाबळेश्वर पट्ट्यात रानडुक्कर आणि गवे पिकात उतरतात. शेतीसंरक्षण परवान्यावर घेतलेली बंदूक अनेकदा ठासणीची असते, म्हणजे तंत्राने दीडदोनशे वर्षे मागची. तीही बहुधा आवाज करून जनावर हाकलण्यापुरती, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार जनावर मारायला वेगळी परवानगी लागते.

२४/ गैरसमज नको. बंदूक सर्वांना स्वस्तात मिळावी, असे मी म्हणत नाही. एकोणिसाव्या शतकात न्यूझीलंडमध्ये व्यापाऱ्यांच्या स्वस्त बंदुका माओरी टोळ्यांत पोहोचल्या आणि तेथे भीषण संहार झाला. कोयनेचे जंगल आज व्याघ्र प्रकल्पात आहे, आणि तेथे शिकारबंदी हवीच. बंदुकांवर निर्बंध असावेत हे मला मान्य आहे. माझा आक्षेप त्या इतिहासलेखनावर आहे, ज्यात शौर्य असते आणि तंत्र असते, पण दर नसतो.

२५/ म्हणून मित्रहो, पुढच्या वेळी कोणत्याही शस्त्राविषयी वाचताना तीन प्रश्न विचारा : ते कोणी घडवले, कितीला पडले, आणि दुसरा नग कोठून येणार होता? पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे मोडी रुमाल आहेत. लढायांची वर्णने वाचायला अनेक जण तेथे जातात. लोखंड, शिसे, दारू आणि कारागिरांची मजुरी यांचे हिशेब वाचणारे मात्र फार कमी आहेत. मोडी शिकणाऱ्यांसाठी एक अख्खा इतिहास तेथे वाट पाहत आहे.

२६/ प्रतापगडाचा पराक्रम माझ्यासाठीही अभिमानाचाच आहे. पण कण्हेरखेडच्या माणसाने आग्र्यात दहा रुपयांत बंदूक घडवून घेतली, ही गोष्टही त्याच अभिमानात जमा व्हायला हवी. धागा येथे संपवतो. मतभेद असतील तर जरूर मांडा. आणि आपल्या गावाकडच्या जुन्या कागदांत एखाद्या बंदुकीची किंमत सापडली, तर तीही येथे लिहा.